हल्लेखोर दिसतील, पण कळणार नाहीत

सूर्यमालेच्या कडेवरची एक चौकी अचानक गप्प होते. दोन दिवसांनी दुसरी. तपासायला गेलेलं यान परत येत नाही. कोणीतरी येतंय एवढंच कळतं. ते कोण, कुठले, त्यांना हवंय तरी काय, याचा काही पत्ता नसतो. मग माणसांचं अंतराळ-आरमार निघतं, किरणांच्या तोफा धडाडतात, यानं गर्रकन वळून एकमेकांच्या मागे लागतात. शेवटच्या काही पानांत एक शत्रू जिवंत हाती लागतो आणि सगळा उलगडा होतो.

जुन्या पद्धतीचा स्पेस ऑपेरा म्हणतात तो हाच. मला हा प्रकार मनापासून आवडतो, त्यामुळे त्यातल्या चुका मोजत बसण्यात मला रस नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. दूरच्या ताऱ्यावरून खरोखरच कोणी चालून आलं, तर भौतिकशास्त्राच्या नियमांप्रमाणे आपल्याला काय दिसेल आणि काय कळेल? गणित मांडत गेलं की लक्षात येतं, की त्या लेखकांना ‘गूढ शत्रू’ ही कल्पना अगदी अचूक सुचली होती. त्यांनी गूढ ठेवलं ते मात्र भलत्याच जागी.

आधी नावाचं बघू. अमेरिकेत रेडिओवरच्या रडक्या कौटुंबिक मालिकांना साबण कंपन्या पैसे पुरवत, म्हणून त्या झाल्या ‘सोप ऑपेरा’. काउबॉयच्या ठोकळेबाज चित्रपटांना म्हणत ‘हॉर्स ऑपेरा’. १९४१ मध्ये विल्सन टकर या लेखकाने त्याच चालीवर घिस्यापिट्या अंतराळकथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हणून हिणवलं. तोवर अशा कथांनी तिथली स्वस्त मासिकं दीड दशक भरून वाहत होती. पुढे शिवीची धार गेली आणि तेच नाव वाचक प्रेमाने घेऊ लागले.

हल्लेखोर मात्र त्याहून जुने, आणि सुरुवातीला ते शेजारीच राहत होते. १८७७ मध्ये इटलीच्या जिओवानी स्किआपारेल्ली यांना मंगळावर रेघा दिसल्या. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ नुसता चर किंवा पाट असाही होतो, पण इंग्रजीत जाताना त्याचे ‘कालवे’ झाले. आणि कालवे म्हटले की ते खोदणारं कोणीतरी आलंच. पर्सिव्हल लॉवेल यांनी तर ते बघण्यासाठी १८९४ मध्ये स्वतःची वेधशाळा उभारली. अशा हवेत १८९७ साली एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. तिच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतात. युरोपीय वसाहतवाद्यांनी त्या लोकांचं जे केलं, तेच मंगळवासी आपलं करत असतील तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? पुढच्या कितीतरी कथांमधला परका शत्रू म्हणजे आरशातला माणूस आहे, तो इथूनच.

१९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने खड्ड्यांनी भरलेल्या उजाड जमिनीचे फोटो पाठवले. ना कालवे, ना शहरं. कथाकारांनी त्याच्याही आधीपासून आपले शत्रू दूरच्या ताऱ्यांवर हलवायला घेतले होते. आता दुसरा पर्यायच उरला नाही. कागदावर हा बदल एका ओळीचा आहे. प्रत्यक्षात सगळं इथेच बदलतं, कारण मंगळ आणि तारा यांच्या अंतरात फरक आहे तो अंगण आणि महासागराइतका.

प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो. चंद्रापर्यंत त्याला सव्वा सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो, सूर्यापासून आपल्यापर्यंत आठ मिनिटांहून थोडा अधिक, नेपच्यूनपर्यंत साधारण चार तास. आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत, ४.२४ वर्षं. १९७७ मध्ये सुटलेलं व्हॉयेजर १ आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जातंय. त्या वेगाने तेवढं अंतर तोडायला जवळपास ७५,००० वर्षं लागतील.

कोणाला माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात इथे पोहोचायचं असेल तर प्रकाशाच्या निदान एक दशांश वेग हवा. मग तोच प्रवास ४२ वर्षांचा होतो. समजा १,००० टनांचं एक यान आहे. खऱ्या आरमारातल्या मोठ्या युद्धनौका याहून कितीतरी जड असतात, तेव्हा अंतराळयुद्धाच्या मानाने ही होडीच. तेवढ्या वस्तुमानाला तो वेग द्यायचा तर सुमारे साडेचारशे अब्ज अब्ज जूल ऊर्जा लागते. हा आकडा डोळ्यांसमोर येणार नाही, म्हणून असं बघू: आज सगळी मानवजात कोळसा, तेल, वायू, अणू, पाणी, वारा मिळून वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते, त्याच्या जवळपास तीन चतुर्थांश. एका होडीसाठी.

आणि हा झाला फक्त जायचा खर्च. इथे पोहोचून थांबायचं असेल तर तेवढाच वेग पुन्हा उतरवावा लागतो. अंतराळात रस्ता नाही, हवा नाही, चाकं घासायला काही नाही. रॉकेटचा ब्रेक म्हणजे यान उलटं फिरवायचं आणि इंजिनाचा झोत पुढे सोडायचा. आता जरा विचार करा: जो आपल्या दिशेने येतोय त्याच्या ‘पुढे’ काय आहे? आपण. म्हणजे इथे मुक्कामाला येणारा प्रत्येक पाहुणा, मग तो मित्र असो की वैरी, वाटेत आपल्याकडे तोंड करून एक मशाल पेटवणार. वेग उतरवायला त्याने वर्षभर घेतलं तरी त्या मशालीची ताकद किमान १४ लाख कोटी वॅट भरते. पृथ्वीवरच्या साऱ्या यंत्रांची, दिव्यांची, भट्ट्यांची मिळून जी सरासरी आहे त्याच पंगतीत बसणारा हा आकडा. वर ही मशाल आकाशात ताऱ्यासारखी एका जागी, पण कुठल्याही ताऱ्याच्या नोंदीत नसलेली. शेवटी ती लपवणार कशी?

इंजिन बंद करून अंधारातून सरकत येईन, असं कोणी म्हणेल. तिथे उष्णता आडवी येते. अंतराळ थंड आहे म्हणून त्यात वस्तू झटकन गार होते, हा आपला गैरसमज. थर्मासमध्ये दोन भिंतींच्या मधली हवा काढून घेतात ती कशासाठी? उष्णतेला वाहून न्यायला काही राहू नये म्हणून. अंतराळयान हे असं कायमचं थर्मासमध्ये बसलेलं असतं. आतल्या यंत्रांची आणि जिवंत शरीरांची उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे एकच मार्ग असतो, तो म्हणजे ती अवरक्त किरणांच्या रूपात फेकणं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जे मोठे पांढरे पंख दिसतात ते सौर पट्ट्यांपेक्षा वेगळे. त्यांच्यातून अमोनिया फिरवून स्थानकाची उष्णता बाहेर टाकतात. माणसाला सोसेल इतक्या तापमानाची वस्तू दर चौरस मीटरमागे चारशेहून जास्त वॅट फेकत असते, आणि मागचं आकाश असतं केवळ २.७ केल्विनचं, निरपेक्ष शून्याला जवळजवळ टेकलेलं. काळ्या भिंतीसमोर निखारा धरावा तसं. उष्णता आत कोंडून ठेवली तर काही काळ लपता येईल, पण मग आतले शिजतील.

अर्थात आकाश विशाल आहे आणि आपल्या दुर्बिणी एका वेळी त्याचा छोटा तुकडा बघतात. एखादं यान नजरेतून सुटूही शकतं. व्हॉयेजरचा जेमतेम २३ वॅटचा प्रक्षेपक इतक्या लांबून ऐकू येतो, तो त्याचा अँटेना आपल्याकडे रोखलेला असतो आणि कुठे कान लावायचा हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून. तरीही जुन्या कथांतलं ते सबंध अदृश्य आरमार, जे नेपच्यूनपाशी एकाएकी प्रकट होतं, ते या नियमांत बसत नाही.

एक पळवाट मात्र आहे, आणि ती भयंकर आहे. थांबायचंच नसेल तर?

जो नुसता आदळायला येतोय त्याला मशाल पेटवायची गरज नाही. त्याला स्फोटकंही लागत नाहीत, वेग हेच स्फोटक. प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने येणाऱ्या दोन किलोच्या दगडात, सापेक्षतेचा नियम धरून हिशेब केला, तर सुमारे ५५ मेगाटन ऊर्जा भरते. माणसाने आजवर उडवलेला सर्वांत मोठा अणुबॉम्ब, सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये चाचणीत वापरलेला, सुमारे ५० मेगाटनांचा होता. (हाच नियम हल्लेखोरालाही सोडत नाही. त्या वेगात वाटेत आडवा आलेला एक मिलिग्रॅमचा कण २५ टनांहून जास्त टीएनटीच्या धक्क्याने त्याच्यावर बसतो.)

आणि इथे आधी कळण्याची सोयही संपते. समजा एक माणूस ‘मी येतोय’ असं पत्र टाकतो आणि त्याच क्षणी स्वतःही निघतो. पत्र तासाला १० किलोमीटर जातं आणि तो ९ किलोमीटर. पत्र दारात पडलं की थोड्याच वेळात कडी वाजणार. प्रकाश म्हणजे ते पत्र. एक प्रकाशवर्ष दूर असताना कोणी प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने निघालं, तर निघाल्याचं दृश्य आपल्याला वर्षाने दिसतं आणि तो स्वतः त्यानंतर ४० दिवसांनी पोहोचतो. तेच नेपच्यूनच्या अंतरावर दिसलं, तर हातात साधारण २८ मिनिटं. वेग ९९ टक्के असेल तर प्रकाशवर्षभर दुरून निघाल्यावरही चार दिवसांपेक्षा कमी. तो आत्ता कुठे आहे हे आपल्याला कधीच दिसत नाही, तो कुठे होता तेवढंच दिसतं. आणि तो जितका वेगवान, तितका या दोन्हींतला फरक जीवघेणा.

या दोन प्रकारांमधून एक गोष्ट हाती लागते, आणि मला ती फार मोलाची वाटते. येणाऱ्याने ब्रेक लावला का, हे त्याच्या मनातलं आपल्याला मिळणारं पहिलं आणि कदाचित एकमेव अक्षर. ब्रेक लावला म्हणजे त्याला इथलं काहीतरी हवंय: जागा, माहिती, किंवा आपण. नाही लावला म्हणजे त्याला आपण नकोत, किंवा आपण आहोत याची त्याला खबरच नाही. यापुढचं सगळं अंदाजाने.

लढाईबद्दल थोडक्यात सांगतो. निर्वात पोकळीत आवाज जात नाही, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. लेझर सरळ रेषेत जातो पण सुईसारखा बारीक राहत नाही: अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर पृथ्वीवरून लेझर सोडतात, तेव्हा तिथे पोहोचेपर्यंत त्याचा डाग काही किलोमीटर रुंद झालेला असतो. अणुबॉम्बला पोकळीत हवेचा धक्का देता येत नाही, पण किरणं देता येतात. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा बॉम्ब उडवला, तेव्हा सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाईमधले रस्त्यावरचे काही दिवे गेले आणि पुढच्या महिन्यांत अनेक उपग्रह निकामी झाले.

पाठलागाबद्दल मात्र जरा थांबायलाच हवं, कारण तिथे आपली जमिनीवरची अक्कल पूर्ण उलटी पडते. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ यानाचे कप्तान जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटून पडलेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. तो समोर दिसत होता. त्यांनी नाक त्याच्याकडे केलं आणि इंजिन चालवलं. अंतर वाढलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. इंधन संपत चाललं तेव्हा नाद सोडून द्यावा लागला. कारण असं: पृथ्वीभोवती फिरताना वेग वाढवला की यान वरच्या कक्षेत चढतं, आणि वरच्या कक्षेत फेरी मोठी व चाल मंद, म्हणून ते मागे पडतं. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करायचा. मग यान खाली उतरतं, खालच्या लहान कक्षेत जास्त वेगाने फिरतं, आणि पुढे जाऊन मग वर चढायचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेमिनी ६-ए आणि जेमिनी ७ यांनी हे गणित सोडवून एकमेकांना गाठलं. जुन्या कथांतली ती झेपावणारी, गिरकी घेणारी यानं ही खरं तर विमानं आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आकाशातून उचललेली.

त्याहून मोठी अडचण बरोबरीची. युद्धकथेत दोन्ही बाजू तुल्यबळ हव्यात, नाहीतर लढाई रंगत नाही. पण राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणापासून चंद्रावर पाऊल ठेवेपर्यंत माणसाला फक्त ६६ वर्षं लागली. विश्व १३.८ अब्ज वर्षांचं आहे, आपला सूर्य ४.६ अब्ज. दोन वेगवेगळ्या ताऱ्यांभोवती, एकमेकांशी काही संबंध नसताना उपजलेल्या दोन संस्कृती नेमक्या त्याच शतकात त्याच पायरीवर असाव्यात, हा योग जवळजवळ अशक्य. दहा लाख वर्षांचा फरक विश्वाच्या हिशेबात नगण्य आहे, आणि आपला लिहिलेला इतिहास जेमतेम ५,००० वर्षांचा. जो इथवर येऊ शकतो तो आपल्यापेक्षा पुढेच असणार, आणि किती पुढे याची मोजपट्टी आपल्याकडे नाही.

मग त्यांना हवंय काय? इथे मला जुन्या कथा सर्वांत कच्च्या वाटतात. पाणी न्यायला येतात म्हणे. पाणी सूर्यमालेच्या बाहेरच्या भागात गोठून पडलंय: धूमकेतूंमध्ये, शनीच्या कड्यांमध्ये. गुरूचा चंद्र युरोपा याच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. धातू लघुग्रहांवर आहेत, आणि ते उचलायला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाशी झगडावं लागत नाही. ज्याच्याकडे ताऱ्याताऱ्यांत फिरायची ऊर्जा आहे त्याला यातली कुठलीही वस्तू घरच्या घरी बनवणं स्वस्त पडेल. पृथ्वीवर खरोखर दुर्मीळ असं एकच आहे, ते म्हणजे इथलं जीवन. त्याचीही जाहिरात आपण नव्याने केलेली नाही. आपलं रेडिओप्रक्षेपण जेमतेम शंभर वर्षांचं, पण पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागून दोन अब्जांहून जास्त वर्षं झाली, आणि चांगल्या दुर्बिणीने तो दुरून ओळखता येतो. ज्याला यायचं होतं त्याला भरपूर वेळ मिळालेला आहे. १९५० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेत जेवताना हाच प्रश्न काढला होता: मग सगळे आहेत कुठे?

आता त्या पकडलेल्या शत्रूकडे येऊ. त्याला खोलीत बसवतात, एक हुशार भाषातज्ज्ञ चार दिवस खपतो आणि पाचव्या दिवशी तो आपलं गाऱ्हाणं सांगू लागतो. हे वाचताना मला दर वेळी सिंधू लिपी आठवते. ती लिहिणारे आपल्यासारखेच दोन हात, दोन डोळे असलेले लोक होते. ते धान्य पेरत, मुलांसाठी खेळणी करत, वजनमापं वापरत. शंभर वर्षांहून जास्त काळ विद्वान तिच्यावर डोकं आपटताहेत आणि अजून सर्वमान्य असं एक वाक्यही वाचता आलेलं नाही. ग्रीसच्या क्रीट बेटावरची लिनियर ए ही प्राचीन लिपीही तशीच बंद आहे. लिनियर बी मात्र १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी उलगडली, आणि ती उलगडली कारण तिच्यामागची भाषा ग्रीक निघाली, म्हणजे आधीच ओळखीची. एक टोक माहीत असेल तरच दुसरं टोक सापडतं. ज्यांची ज्ञानेंद्रियंच कोणती हे ठाऊक नाही, त्यांच्या बाबतीत कुठलं टोक धरणार? गणित आणि भौतिकशास्त्र सामाईक असेल, ते कदाचित जुळेल. पण मूळ संख्यांच्या यादीतून कोणी का चालून आलं ते कळत नाही.

म्हणून मी म्हणतो, गूढ भलत्या जागी ठेवलं होतं. ‘ते कुठे आहेत’ याची उत्तरं उष्णता आणि प्रकाश देतील, कधी वर्षभर आधी, कधी अर्धा तास. ‘ते का आले’ याचं उत्तर बहुधा मिळणारच नाही, शेवटच्या पानावरही नाही.

याची अगदी छोटी, निरुपद्रवी झलक आपण पाहिलेली आहे. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला एक ठिपका दिसला. त्याचा मार्ग मांडला तेव्हा तो सूर्यमालेबाहेरून आलेला निघाला. ताऱ्यांच्या मधून आलेली, आपल्याला ओळखता आलेली पहिली वस्तू. तिला नाव दिलं ओउमुआमुआ. ती सूर्याच्या सर्वांत जवळून ९ सप्टेंबरलाच गेली होती, म्हणजे ४० दिवस आधी. पृथ्वीपासून सुमारे २.४ कोटी किलोमीटरवरूनही ती पुढे निघून गेली होती. दिसली ती पाठमोरी. मोठमोठ्या दुर्बिणी तिच्याकडे वळल्या, रेडिओ दुर्बिणींनी कान लावले. कसलाही संदेश नव्हता. तिचा प्रकाश विचित्र कमीजास्त होत होता, त्यावरून ती लांबुडकी किंवा चपटी असावी असं दिसलं. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने जावी त्याहून किंचित जास्त वेगाने ती सरकत होती, आणि धूमकेतूची शेपटी मात्र दिसत नव्हती. बहुतेक शास्त्रज्ञ तिला निसर्गाचाच तुकडा मानतात, मलाही तेच पटतं. पण तो नेमका कशाचा तुकडा, यावर अजून एकमत नाही. निरीक्षणं जानेवारी २०१८ पर्यंत चालली, मग ती इतकी फिकट झाली की कुठल्याच दुर्बिणीला दिसेना. आता ती महाश्व तारकासमूहाच्या दिशेने निघाली आहे, सेकंदाला २६ किलोमीटरच्या आसपास वेगाने. ब्रेक तिने लावला नव्हता.